परदेशांतील मजूर आणि तीन पौंडांचा कर



परदेशीं काम करतां करतां देह ठेवणारा पुरुष म्हटला कीं सोलापूरकरांस डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें नांव आठवतें. १९३८ सालीं ते चीनला गेले आणि १९४२ सालीं तेथेंच निवर्तले. ते सेवेसाठीं, स्वेच्छेनें गेले होते. परंतु पोटासाठीं समुद्र ओलांडणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी. आणि त्यांच्यापुढें दोन प्रश्न नेहमीं उभे असतात. कमाईंतून सरकार किती घेणार? आणि आजारी पडल्यास पाहणार कोण? शंभर वर्षांपूर्वीं या प्रश्नांना काय उत्तर मिळत होतें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतींत उसाच्या मळ्यांसाठीं १८६० सालापासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर जाऊं लागले. करार पांच वर्षांचा. पहिल्या वर्षीं दरमहा दहा शिलिंग, पुढें दरसाल एका शिलिंगाची वाढ. शिधा, निवारा आणि औषधोपचार मालकाकडे. कागदावर हें सर्व ठीक दिसे. परंतु औषधाची जबाबदारी करार असेपर्यंतच. मजूर मळ्याचा होता तोंवर त्याच्या प्रकृतीची काळजी.

करार संपल्यावर पुष्कळजण तेथेंच राहत, भाजीपाला पिकवीत, लहानसा व्यापार करीत. गोऱ्या वसाहतवाल्यांस हें खपेना. त्यांस मजूर हवा होता, शेजारी नको होता. असा मागें राहणाऱ्यावर दरसाल २५ पौंड कर बसवावा अशी त्यांनीं मागणी केली. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनीं ती मानली नाहीं, पण तीन पौंडांस संमति दिली. आणि १८९५ सालीं तसा कायदा झाला. १९०३ सालीं सोळा वर्षांवरील मुलगे व तेरा वर्षांवरील मुली यांवरही तो लादला गेला. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. करारांतील पहिल्या वर्षाच्या दरानें सहा महिन्यांची मजुरी! नवरा, बायको आणि दोन मोठीं मुलें असलीं तर वर्षाला बारा पौंड.

योगायोग असा कीं, १८६० सालींच जेम्स विल्सन यांनीं हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर आणला. तो कोणास गोड लागला नाहीं. तरी मिळकत असेल त्यानेंच द्यावें, एवढें तत्त्व त्यांत होतें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणांत करमाफीची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० वर नेण्याची मागणी केली, आणि दुसऱ्याच वर्षीं ती मान्य झाली. नाताळचा कर मात्र मिळकतीवर नव्हता, माणसाच्या डोक्यावर होता. कर भर, पुन्हा करारांत बांधून घे, नाहीं तर चालता हो, असा त्याचा रोख होता.

गोखल्यांनीं १९१० सालीं कायदेमंडळांत नाताळला मजूर पाठविणें थांबविण्याचा ठराव मांडला. १९११ पासून तें थांबलें. १९१२ च्या ऑक्टोबरांत, मधुमेहानें शरीर पोखरलें असतां, ते स्वतः दक्षिण आफ्रिकेंत उतरले. जोहान्सबर्गच्या कोंकणी मुसलमानांपुढें व मराठी मंडळींपुढें ते मराठींत बोलले आणि गांधीजींनीं त्याचें हिंदुस्थानींत भाषांतर केलें. प्रिटोरियास मंत्र्यांना भेटून कर जाणार या विश्वासानें ते परतले. पण पुढें सरकारनें आपण असें वचन दिलेंच नव्हतें, असें म्हटलें. तेव्हां १९१३ सालीं खाणींतील व मळ्यांतील हजारों मजुरांनीं काम सोडलें. अखेर १९१४ च्या कायद्यानें कर रद्द झाला. १९१५ च्या फेब्रुवारींत गोखले वारले.

आज काळ पालटला आहे. मनुष्य वर्षांतून किती दिवस देशांत राहिला, यावरून आपला आयकर त्याचें निवासीपण ठरवितो. एकाच कमाईवर दोन देशांचा कर पडूं नये म्हणून करारनामे झाले आहेत. कामगारांसाठीं प्रवासी भारतीय विमा योजना २००३ सालीं आली. हीं साधनें कोणी दयेनें दिलेलीं नाहींत. त्यांच्यामागें अशा झगड्यांचा इतिहास आहे. तेव्हां आपल्या मुलांपैकीं कोणी परदेशचा करार घरीं आणील, तर पगाराच्या आंकड्यावरच थांबूं नका. आजारपणाचें आणि कराचें कलम वाचा. आणि करार संपल्यावर त्यांपैकीं काय उरतें, हेंही विचारा.