कारागीर आणि त्याची दवंडी

हातानें वस्तु घडविणाऱ्या माणसास ती स्वतःच विकावी लागली म्हणजे त्याच्या दिवसाचे दोन तुकडे पडतात. कुंभारानें चाक थांबवून गिऱ्हाइकापुढें बोलत बसावें, कीं गिऱ्हाईक परत गेलें तरी चालेल पण आवा नीट लावावा? आज घरच्या घरीं मातीचीं भांडीं किंवा दागिने करणाऱ्या तरुणतरुणींस मोबाइलवर छायाचित्रें काढून तीं आंतरजालावर मांडण्यांत बराच वेळ घालवावा लागतो, आणि ही नव्या काळाची नवी पीडा आहे असें त्यांस वाटतें. पीडा जुनीच आहे. अठराव्या शतकांतील इंग्लंडांत दोन कारागिरांना तिच्याशीं झगडावें लागलें; एक तरला, दुसरा बुडतां बुडतां राहिला. पहिला जोसाया वेजवुड हा कुंभार, आणि दुसरा विल्यम ब्लेक. आपल्या कॉलेजांतून ब्लेक कवि म्हणून शिकविला जातो. पण लंडनच्या बाजारांत त्याची ओळख तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरणारा कारागीर अशीच होती, आणि त्यावरच त्याचें पोट चालत असे.

वेजवुडची (१७३०–१७९५) गोष्ट थोडक्यांत सांगतां येते, कारण ती यशाची आहे. १७६५ सालीं त्यानें शार्लट राणीसाठीं चहाचा संच केला, आणि त्याच्या दुधाळ रंगाच्या भांड्यांस लौकरच 'राणीचीं भांडीं' हें नांव पडलें. १७६७ सालच्या एका पत्रांत त्यानें स्वतःलाच प्रश्न विचारला आहे कीं, या भांड्यांचा एवढा प्रसार झाला त्यांत त्यांच्या अंगच्या गुणाचा वांटा किती, आणि ज्या दारानें तीं समाजांत शिरलीं त्या दाराचा किती? इतका प्रामाणिक प्रश्न विचारणारा व्यापारी विरळा. हें पत्र ज्याला लिहिलें तो टॉमस बेंटली हा लिव्हरपूलचा सुशिक्षित व्यापारी १७६९ पासून त्याचा भागीदार झाला, आणि वेजवुडच्या भाग्याचें खरें मर्म मला येथेंच दिसतें. वेजवुड एट्रूरियाच्या कारखान्यांत मातीचे हजारों प्रयोग करी, आणि बेंटली लंडनमध्यें सरदार-उमरावांच्या आवडीनिवडी न्याहाळी. १७७३ सालीं मालाची छापील यादी निघाली. १७७४ सालीं रशियाच्या कॅथरिन राणीसाठीं केलेला ९५२ नगांचा संच रवाना करण्यापूर्वीं ग्रीक स्ट्रीटवरील दालनांत मांडला गेला व तो पाहण्यास लंडनचे प्रतिष्ठित लोक लोटले. वेजवुड कांहीं भोळा नव्हता. दवंडी पिटण्याच्या अनेक युक्त्या त्याच्याच डोक्यांतून निघत. पण आवा आणि दुकान या दोन ठिकाणीं एकाच वेळीं उभें राहण्याचा प्रसंग त्याजवर आला नाहीं.

ब्लेकला (१७५७–१८२७) बेंटली नव्हता, बायको होती. १७८२ सालीं लग्नाच्या नोंदींत सहीऐवजीं फुली करणारी ही कॅथरिन पुढें त्याच्याजवळ लिहावाचावयास शिकली, छापावयास शिकली, रंग भरावयास शिकली. १७८८ च्या सुमारास ब्लेकनें पुस्तक करण्याची स्वतःची एक रीत शोधून काढली. अम्लास दाद न देणाऱ्या रोगणानें तांब्याच्या पत्र्यावर कविता उलट्या अक्षरांत लिहावयाची, भोवतीं चित्रें काढावयाचीं, आणि पत्रा अम्लांत ठेवावयाचा. उघडा भाग झिजून जाई व अक्षरें आणि चित्रें उठून राहत. मग घरच्या दाबयंत्रावर छाप घ्यावयाचा आणि प्रत्येक पान कुंचल्यानें रंगवावयाचें. कवि, चित्रकार, खोदकार, मुद्रक, प्रकाशक, सर्व एकाच घरांत.

१७९३ च्या ऑक्टोबरांत त्यानें लोकांस उद्देशून एक पत्रक काढलें. कलावंताच्या वांट्यास दारिद्र्य येतें तो लोकांचा दोष नव्हे, कृति लोकांपर्यंत पोंचविण्याचें साधन नसतें एवढेंच, आणि तें साधन आपणांस चौथाईहून कमी खर्चांत सांपडलें आहे, असें त्याचें म्हणणें. 'साँग्ज ऑफ इनोसन्स' पांच शिलिंग, 'साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स' पांच शिलिंग, 'अमेरिका' साडेदहा शिलिंग. आगाऊ वर्गणी नको; वस्तु तयार करीन आणि रास्त किंमतीस विकीन, असा करारी शेवट. पत्रक चांगलें आहे. पण समजा, तें फळास आलें असतें आणि हजार गिऱ्हाइकें दाराशीं उभीं राहिलीं असतीं, तर? वेजवुडच्या सांच्यांतून हजार बशा निघत. ब्लेकच्या घरांत एक पान रंगवावयास कॅथरिनची सकाळ जाई. ज्या मालाची निपज वाढविली तर त्याचें रूपच पालटतें, त्याची दवंडी किती मोठ्यानें पिटावी? ब्लेकच्या अपयशाचा विचार करतांना हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. सारा दोष अरसिक लोकांच्या माथीं मारणें सोपें पडतें.

दवंडी पिटणारा त्याला भेटला, पण भलताच. १८०५ सालीं रॉबर्ट क्रोमेक या धंदेवाईक माणसानें ब्लेअरच्या 'द ग्रेव्ह' या काव्यासाठीं त्याच्याकडून चित्रें करून घेतलीं, वीस गिनी दिल्या, आणि कोरण्याचें अधिक किफायतीचें काम स्कियाव्होनेट्टी या लोकप्रिय खोदकाराकडे सोंपविलें. १८०८ सालीं पुस्तक निघालें तेव्हां क्रोमेकनें पांचशेंहून अधिक वर्गणीदार मिळविले होते. ब्लेकचें नांव इतक्या घरांत पूर्वीं कधीं गेलें नव्हतें, आणि इतका कमी लाभही त्याला क्वचितच झाला असेल.

या जखमेंतूनच १८०९ चें प्रदर्शन निघालें. ब्रॉड स्ट्रीटवर जेथें ब्लेक जन्मला त्याच घरांत त्याचा भाऊ जेम्स मोजे विकी. त्या दुकानाच्या वर सोळा चित्रें मांडलीं. अडीच शिलिंगांत प्रवेश आणि चित्रांचें वर्णनपत्र. हें वर्णनपत्र मी अनेकदां वाचलें आहे. गिऱ्हाइकास बोलावून आणावें आणि उंबरठ्यावरच त्याच्याशीं भांडण काढावें, असा त्याचा नूर आहे! तैलरंग निषिद्ध, टिशियन वाईट, रुबेन्स त्याहून वाईट, प्रतिस्पर्धी चोर. पण त्यांतच चॉसरच्या यात्रेकरूंवर लिहिलेलीं पानें अशीं आहेत कीं चार्ल्स लॅमसारख्या रसिकानें तीं वाखाणलीं. विक्रीचा कागद म्हणून तो फसला, टीका म्हणून टिकला. वृत्तपत्रांपैकीं 'एक्झॅमिनर'नें तेवढी दखल घेतली, आणि तींत रॉबर्ट हंटनें त्याला दुर्दैवी वेडा ठरविलें. पुढल्या वर्षीं क्रॅब रॉबिन्सन चित्रें पाहावयास गेला, त्यानें वर्णनपत्राच्या चार प्रती घेतल्या आणि पुन्हा फुकट येऊं का म्हणून विचारलें. जन्मभर या, जेम्स म्हणाला.

नंतरचीं वर्षें हलाखीचीं गेलीं. १८१५-१६ सालीं, फ्लॅक्समन या मित्राच्या शब्दावरून, ब्लेकला एक काम मिळालें. तें वेजवुडच्या कारखान्याचें होतें. जोसायाचा त्याच नांवाचा मुलगा आतां मालक होता आणि त्याला मालाची सचित्र यादी हवी होती. साठीकडे झुकलेल्या ब्लेकनें सुपाचीं भांडीं, बशा, वाडगे समोर ठेवून त्यांचीं रेखाचित्रें काढलीं आणि अठरा पत्र्यांवर सुमारें १८५ आकृति कोरल्या. मोबदला तीस पौंड. दुसऱ्याच्या मालाची जाहिरात त्यानें निमूटपणें, नेटकी करून दिली. तींत वाद नाहीं, रुबेन्स नाहीं.

खरा बेंटली उशीरां आला. जॉन लिनेल हा तरुण चित्रकार १८१८ पासून त्याच्याकडे येऊं लागला. १८२३ सालीं त्यानें लेखी करार करून 'जोब'च्या चित्रांचें काम दिलें, पैसे थोडे थोडे आगाऊ पुरविले आणि १८२६ सालीं प्रकाशनाची दगदग आपल्या अंगावर घेतली. खप बेताचाच झाला, पण म्हातारा कोरीत राहिला.

१२ एप्रिल १८२७ रोजीं आजारी ब्लेकनें जॉर्ज कंबरलंड या जुन्या मित्राला पत्र लिहिलें. मित्र आपल्या ओळखीच्या लोकांत त्याचीं पुस्तकें खपविण्याची खटपट करीत होता. १७९३ सालीं जीं 'साँग्ज'चीं दोन पुस्तकें मिळून दहा शिलिंगांना होतीं, त्यांची एकत्र किंमत आतां दहा गिनी सांगितली होती, म्हणजे एकवीसपट. आणि 'जेरुसलेम'ची शंभर पत्र्यांची जी प्रत पुरी झाली होती तिला गिऱ्हाईक मिळण्याचा संभव नाहीं, हेंही लिहिलें होतें. त्याच पत्रांत एक लहानसें वचन आहे. कंबरलंडला स्वतःच्या नांवाचें भेटकार्ड सजवून हवें होतें. तेवढें शक्य तितक्या लौकर करतों, असें ब्लेकनें कळविलें. १२ ऑगस्टला तो वारला. कार्ड झालेलें होतें: मधोमध मित्राचें नांव, भोंवतीं खेळणारीं मुलें आणि देवदूत. त्याच्या हातचें हें शेवटचें कोरीव काम.