गाव सोडणारा तरुण : वतन आणि कूटदंत सुत्त

तरुण शहराच्या मोहाने गाव सोडतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. परंतु महाराष्ट्रातील बौद्ध समाजाच्या इतिहासात या प्रश्नाचे मूळ मोहात नव्हे, तर वतनात सापडते.

महारकीच्या वतनाने आपल्या पूर्वजांना गावाशी जखडून ठेवले होते. वेशीची राखण, सांगावे पोहोचविणे, मृत जनावरे ओढणे ही कामे अहोरात्र असत. मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागून आणावयाचे बलुते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही गुलामी मोडण्यासाठीच. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या तरुणाला तेथेही अस्पृश्यता भोगावी लागली. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विणकाम खात्याचे दार त्याला बंद होते. तरीही रोख मजुरी हाती पडे. ती भाकरीसारखी मागावी लागत नसे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, तिच्यामागे हे वास्तव होते.

तथापि गाव सोडणे हेच आपल्या चळवळीचे ध्येय होते, असे म्हणता येणार नाही. १९४२ च्या नागपूर परिषदेने स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. पण वतन गेले म्हणून जमीन आली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४-६५ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह हे गावातच मानाने जगण्यासाठी होते.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात तथागतांनी महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राज्यात लूटमार माजली असता पुरोहित दंडाचा मार्ग नाकारतो. शेती व पशुपालन करणाऱ्यास बी-बियाणे व चारा, व्यापाऱ्यास भांडवल, राजसेवकास वेतन द्यावे, असा सल्ला तो देतो. लोक आपापल्या कामात रमतात आणि घरांची दारे उघडी ठेवून निर्भयपणे राहतात. मंगल सुत्तातही योग्य प्रदेशी वास हे एक मंगल मानले आहे. प्रदेशाची योग्यता जन्माने ठरत नाही. तेथे मिळणाऱ्या उपजीविकेने, विद्येने व मानाने ठरते.

म्हणून गाव सोडणाऱ्या तरुणास कृतघ्न म्हणण्यापूर्वी, गावाने त्याला बी, भांडवल, वेतन आणि माणुसकी यांपैकी काय दिले, हे विचारावे. जो मागे राहून जमिनीसाठी झगडतो आणि जो शिक्षणासाठी बाहेर पडतो, ते दोघेही एकाच मुक्तिमार्गाचे वाटसरू आहेत.