संमीलन ऊर्जेचा धडा : पीण्यातील कार्यशाळा आणि उद्याचे तंत्रज्ञ

केंद्रकीय संमीलनाचा, म्हणजेच फ्यूजनचा, धडा बारावीच्या भौतिकशास्त्रात सूर्यापासून सुरू होतो आणि बहुधा सूर्यापाशीच संपतो. हायड्रोजनची हलकी केंद्रके एकत्र येतात, हेलियम तयार होतो, वस्तुमानातील किंचित घट ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. समीकरण फळ्यावर लिहून होते आणि तास संपतो. हीच क्रिया पृथ्वीवर घडवून आणण्यासाठी कोणकोणती माणसे लागतात, हा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही. त्याचे उत्तर शोधताना बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्राचे उदाहरण उपयोगी पडते.

पीण्यात प्रामुख्याने लघू आणि मध्यम उद्योग आहेत. लेथ, मिलिंग, साचे, उष्णता-प्रक्रिया, विद्युत विलेपन अशी कामे येथे चालतात. परंतु याच परिसरातील साध्या औद्योगिक शेडमध्ये १९७२ पासून प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला उपग्रह आकारास आला. सुमारे ३६० किलो वजनाचा ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातून अवकाशात गेला. आज इस्रोचे ‘इस्ट्रॅक’ केंद्र पीण्यातच आहे आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा त्याचे नियंत्रण येथूनच होत होते. अवकाश संशोधनाची वाट कार्यशाळेतून गेली, हे पीण्याला नव्याने सांगावे लागत नाही. संमीलन ऊर्जेची वाटही तशीच आहे.

फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जाणाऱ्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत डिसेंबर २००५ मध्ये सहभागी झाला. भारताचा वाटा सुमारे ९ टक्के असून तो मुख्यतः यंत्रसामग्रीच्या रूपाने द्यावयाचा आहे. ‘टोकामाक’ या कंकणाकृती यंत्रात ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांचा प्लाझ्मा सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आणि चुंबकीय क्षेत्राने भिंतींपासून दूर धरून ठेवायचा, अशी ही योजना आहे. हे तापमान सूर्याच्या गाभ्याच्या सुमारे दहापट आहे. तेथून काही मीटर अंतरावर असलेले अतिवाहक चुंबक मात्र उणे २६९ अंशांवर ठेवावे लागतात. या दोन टोकांच्या मधले जवळजवळ सारे काम धातूचे, निर्वाताचे आणि मोजमापाचे आहे.

इटरच्या निर्वात पात्राला पोलादाची दुहेरी भिंत आहे. दोन भिंतींमधील पोकळीत बोरॉनयुक्त आणि चुंबकीय गुणधर्माच्या पोलादी पट्ट्यांचे सुमारे ९ हजार ठोकळे बसवायचे होते. न्यूट्रॉन अडवणे आणि चुंबकीय क्षेत्रातील चढउतार कमी करणे हे त्यांचे काम. हे ठोकळे बंगळूरच्या ‘अवसरला टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने तयार केले. यंत्राला बाहेरून वेढणारे सुमारे ३,८५० टनांचे शीतपात्र, म्हणजे क्रायोस्टॅट, लार्सन अँड टुब्रोने गुजरातमधील हजिरा येथे ५४ भागांत घडवले. शाळकरी मुलांना ‘भारत सूर्य बनवतो आहे’ असे सांगण्यापेक्षा ठोकळ्यांची ही हकिगत सांगणे अधिक खरे आणि अधिक रंजकही आहे.

या कामातील अचूकतेला किती मोल आहे, हे २०२२ मध्ये दिसून आले. निर्वात पात्राच्या ज्या कडा एकमेकींना वेल्ड करायच्या होत्या, त्या ठरलेल्या मापात नसल्याचे आढळले. औष्णिक ढालीवरील शीतकरण नळ्यांनाही गंजामुळे तडे गेले होते. पूर्वी २०२५ मध्ये अपेक्षित असलेला पहिला प्लाझ्मा लांबणीवर पडला. महासाथीमुळे झालेला विलंब त्यात होताच. सुधारित वेळापत्रकानुसार संशोधनाचा टप्पा २०३४ मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये अपेक्षित आहेत. सिद्धांत चुकला नव्हता. सांधे आणि नळ्या अडल्या होत्या. करिअर मार्गदर्शनाच्या तासाला हे उदाहरण दिले, तर फिटर आणि वेल्डर हे शब्द विद्यार्थ्यांच्या कानाला वेगळे लागतील.

संमीलनाच्या क्षेत्रात प्लाझ्मा भौतिकशास्त्रज्ञ लागतात, तसे निर्वात तंत्रज्ञ, अतिशीत तंत्रज्ञानाचे अभियंते, उच्चदाब विद्युतपुरवठा सांभाळणारे, दूरनियंत्रित यंत्रमानव बनवणारे, पदार्थविज्ञान जाणणारे, संगणकीय प्रारूपे रचणारे आणि हेलियमच्या साह्याने सूक्ष्म गळती शोधणारेही लागतात. यांपैकी बहुतेक कौशल्यांना इतरत्रही मागणी आहे. निर्वाताचे काम सेमीकंडक्टर कारखान्यात असते, अतिशीत तंत्र रुग्णालयातील एमआरआय यंत्रात असते आणि प्लाझ्मा पोलादाचे पृष्ठभाग टणक करण्यासाठी वापरला जातो. त्यामुळे केवळ ‘फ्यूजन’ या नावावर आयुष्य बेतण्याऐवजी एखादे मूळ कौशल्य पक्के करण्याचा सल्ला विद्यार्थ्याला द्यावा. वीज देणारी संमीलन भट्टी लांबली तरी ते कौशल्य वाया जात नाही.

शिकवण्यासाठी महागडी प्रयोगशाळा हवीच असे नाही. पेटलेल्या ट्यूबलाइटच्या नळीत प्लाझ्माच असतो. वेल्डिंगची ठिणगी, म्हणजे विद्युत चाप, हाही प्लाझ्माच. मात्र तो उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हा धडा त्याच वेळी द्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. पीण्या, भोसरी किंवा सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतींजवळील शाळांना त्यासाठी दूर जावे लागणार नाही. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारे मायक्रोमीटर हातात घेतलेल्या मुलाला वरची ठोकळ्यांची गोष्ट निराळी सांगावी लागत नाही.

वरच्या वर्गांत साधे गणितही पुरेसे ठरते. अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरने लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल मिळाली. हा मोठा टप्पा होता. परंतु ते लेसर चालवण्यासाठी वीजजाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले. दोन्ही गुणोत्तरे विद्यार्थ्यांकडून काढून घेतली, की बातमीचा मथळा आणि वीजनिर्मिती यांतील अंतर त्यांना आपोआप कळते. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे आहे, निसर्गात तो नगण्य आहे आणि पुढे तो भट्टीतच लिथियमपासून तयार करावा लागेल. न्यूट्रॉनच्या माऱ्याने यंत्राचे भाग किरणोत्सारी होतात. ‘अमर्याद आणि स्वच्छ’ या विशेषणांबरोबर या बाबीही वर्गात यायला हव्यात. डॉ. होमी भाभा यांनी १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत संमीलन ऊर्जा दोन दशकांत आवाक्यात येईल, असा अंदाज वर्तवला होता. सत्तर वर्षांनंतरही ती प्रयोगावस्थेत आहे. आज आठवीत असलेले मूल इटरच्या २०३९ च्या प्रयोगांवेळी सत्ताविशीच्या आसपास असेल. म्हणजे उरलेले काम त्याच्या पिढीकडेच येणार आहे.

देशातील या संशोधनाचे प्रमुख केंद्र गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्था हे आहे. तेथील ‘आदित्य’ टोकामाक १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. पुढे ‘एसएसटी-१’ हा अतिवाहक चुंबकांचा टोकामाकही उभा राहिला. ही संस्था मुंबईच्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेशी संलग्न असल्याने पीएच.डी.ची सोय आहे. बंगळूरमध्ये ‘प्रॅनोस फ्यूजन’सारखे नवउद्योगही या क्षेत्रात उतरले आहेत. संशोधनाकडे वळायचे असेल, तर बारावीनंतर भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हा मार्ग आहे. दहावीनंतर हाताने काम शिकू इच्छिणाऱ्यांसाठी आयटीआयमधील फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि वेल्डर हे अभ्यासक्रम आहेत. टूल अँड डाय मेकिंगची पदविका देणाऱ्या, १९५९ मध्ये केरळात सुरू झालेल्या नेट्टूर टेक्निकल ट्रेनिंग फाउंडेशनचे मुख्यालय पीण्यातच आहे.