तपासणीलाच बंदी

अन्नसुरक्षेचा इतिहास म्हटलं की आपल्यासमोर एकच चित्र येतं. व्यापारी तपासणी टाळतो आणि सरकार त्याला ती करायला लावतं. आज आपण याच्या नेमकं उलट घडलेलं एक प्रकरण पाहू.

डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायीत 'मॅड काऊ' रोग सापडला. जपाननं लगेच अमेरिकी गोमांसाची आयात बंद केली. जपानमध्ये तर २००१ पासून कत्तलीचं प्रत्येक जनावर तपासलं जात होतं. कॅन्ससच्या क्रीकस्टोन फार्म्स या तुलनेनं लहान कंपनीचा माल जपानला जायचा. २००४ मध्ये ती म्हणाली, आम्हीही प्रत्येक जनावर तपासतो, खर्च आमचा.

शेतीखात्यानं परवानगी नाकारली. आधार दिला १९१३ च्या कायद्याचा. डुकरांच्या साथीवर निकामी लसी विकून शेतकऱ्यांना लुबाडणाऱ्यांना आवर घालायला तो झाला होता. आता त्याच कायद्यानं तपासणीचे संच अडवले.

खात्याची बाजूही आपण ऐकू. कत्तलीची बहुतेक जनावरं कोवळी असतात, त्या वयात हा रोग तपासणीत सापडत नाही. मग 'तपासलेलं' हा शिक्का खोटा दिलासा ठरेल. यात तथ्य होतं. पण मोठ्या मांस उद्योगाचाही या तपासणीला विरोध होता, आणि त्यांची चिंता वेगळी होती. एकानं सुरुवात केली की गिऱ्हाईक सगळ्यांकडेच तपासणी मागणार!

कंपनी २००६ मध्ये कोर्टात गेली. प्रश्न मोठा गमतीचा झाला: मेलेल्या जनावराच्या मेंदूची तपासणी म्हणजे 'उपचार' का? कारण कायद्यात तोच शब्द होता. २००७ मध्ये खालच्या कोर्टानं 'नाही' म्हटलं. ऑगस्ट २००८ मध्ये अपिलात दोन विरुद्ध एक मतानं निकाल फिरला. निदान हाही उपचाराचाच भाग, असं ठरलं.

याच काळात सरकारनं स्वतःची तपासणी वर्षाला सुमारे ४० हजार जनावरांवर आणली होती. कत्तल होत होती तीन कोटींहून अधिक.

मग यातून आपण काय घ्यायचं? कायदा किमान किती तपासा हे सांगतो, इतकंच आपण धरून चालतो. इथं त्यानं त्याहून जास्त तपासू नका, असंही सांगितलं. म्हणून कुठलाही नियम वाचताना आपण दोन प्रश्न विचारू: तो कुणाला रोखायला केला होता, आणि आज कुणाला रोखतोय?