नकाशाचा हिशेब कोण करतं?

गेल्या वेळी आपण लॅम्ब्टनबरोबर मद्रासहून निघालो होतो आणि हिंगणघाटला येऊन थांबलो होतो. 10 एप्रिल 1802 ला सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजायला घेणारा हा माणूस जानेवारी 1823 मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या या गावी वारला. आज खरं तर तिथून पुढे एव्हरेस्टकडे जायचं होतं. पण व्याख्यान संपल्यावर काही तरुण मंडळींनी विचारलं की, आम्हाला भौगोलिक माहितीवर काम करण्यापुरतं प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे, सुरुवात कुठून करावी? आम्ही पडलो इतिहासवाले. तेव्हा उत्तरही इतिहासातूनच देणार, आणि ते वाटतं तितकं आडवळणाचं नाही.

त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं काम दोन ठिकाणी चाले. एक डोंगरमाथ्यावर, थिओडोलाइटपाशी. दुसरं कचेरीत, लॉगॅरिथमच्या कोष्टकांपाशी. वर मोजलेले कोन खाली आले की त्यांची अंतरं, उंच्या, अक्षांश-रेखांश काढायचे, आणि हे करणाऱ्या माणसाच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. 1831 मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला राधानाथ सिकदर हा विशीच्या आतला मुलगा याच हुद्द्यावर नोकरीला लागला. पुढे हिमालयातल्या 'पीक पंधरा'ची उंची निघाली ती त्याच्या हाताखालच्या हिशेबातून. वेगवेगळ्या ठाण्यांवरून घेतलेले कोन, हवेतून येताना प्रकाश वाकतो त्याची दुरुस्ती, असं सगळं करून 1856 मध्ये 29,002 फूट हा आकडा जाहीर झाला आणि शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं.

ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. कमी सांगितली जाते ती दुसरी. 1851 मध्ये भारतातल्या सर्वेक्षकांसाठी एक शिकवणीचं पुस्तक निघालं. संपादक स्मिथ आणि थुलियर. त्यातला गणिती, शास्त्रीय भाग बराचसा सिकदरचा होता आणि प्रस्तावनेत तसं मोकळेपणानं म्हटलंही होतं. सिकदर 1870 मध्ये गेला. 1875 च्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर राहिला, ऋणनिर्देश गेला. दुसऱ्याच वर्षी 'फ्रेंड ऑफ इंडिया' या पत्रानं त्यावर सडकून टीका केली. म्हणजे नवशिक्याच्या हाती पद्धत पोचली, पण ती कुणी बसवली हे पुसलं गेलं. हा धागा धरून ठेवा.

आता शंभरेक वर्षं ओलांडू. 1960 च्या दशकात यंत्र आलं. कॅनडात रॉजर टॉमलिन्सननं देशभरच्या जमिनीची नोंद संगणकावर चढवायला घेतली. ते सरकारी, अवाढव्य काम. आम्हाला त्याहून रस आहे तो हॉवर्ड फिशरमध्ये. हा शिकागोकडचा वास्तुविशारद, प्रोग्रॅमर नव्हे. कल्पना त्याची, प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिला बेटी बेन्सन या बाईंनी. (पुन्हा तेच: फिशरचं नाव पुष्कळांना माहीत असतं, बेन्सनबाईंचं विचारून बघा.) त्या प्रोग्रॅमचं नाव सायमॅप. साध्या लाइन प्रिंटरवर एकाच जागी दोन-तीन अक्षरं एकावर एक ठोकून तो फिकट-गडद छटा काढायचा. दिसायला ओबडधोबड, पण नकाशा! फिशर 1965 मध्ये हार्वर्डला गेला आणि तिथल्या प्रयोगशाळेनं या सायमॅपचा पत्राद्वारे अभ्यासक्रम चालवला. म्हणजे भूगोलवाले, नगररचनावाले टपालानं धडे मागवून शिकत होते. नवशिक्यांची ही पहिली पंगत म्हणायला हरकत नाही.

पुढचं भराभर सांगतो. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत 1982 पासून ग्रास ही प्रणाली तयार झाली आणि ती सर्वांना खुली होती. 1998 मध्ये फ्रँक वॉर्मरडॅमनं जीडाल लिहायला घेतलं. नकाशांच्या शेकडो तऱ्हांच्या फायली वाचून देणारा हा दुभाषा. 2002 मध्ये क्यूजीआयएस सुरू झालं. आणि पायथॉन? ती 1991 मध्ये बाहेर आली, पण तिची आई एबीसी नावाची भाषा, अॅम्स्टरडॅमच्या गणित संस्थेत मुद्दाम प्रोग्रॅमर नसलेल्यांसाठी केलेली. गुइडो व्हॅन रॉसम आधी त्याच कामावर होता. भूगोलवाल्यांना पायथॉन जवळची वाटते त्याचं मूळ इथे आहे, असं आमचं मत. आज जिओपांडासमध्ये एका ओळीत तालुक्यांची फाइल उघडते, पण त्या ओळीखाली जीडालसारखी मंडळी राबत असतात.

आता नवशिक्या अडतो कुठे? प्रोग्रॅमिंगमध्ये कमी, इतिहासात जास्त. पुण्याचं स्थान 18.52 आणि 73.86. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो. पण जिओजेसन फायलीत आधी रेखांश लागतो, आडवा अक्ष आधी या गणिती सवयीनं. आकड्यांची अदलाबदल झाली की पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या थंडगार समुद्रात! यंत्र तक्रार करत नाही, कारण दोन्ही आकडे चालण्यासारखे असतात.

दुसरी गोम पृथ्वीच्या मापाची. एव्हरेस्टनं 1830 मध्ये ठरवलेल्या पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या 63,77,276 मीटर. आज मोबाइल वापरतो त्या डब्ल्यूजीएस-84 ची 63,78,137. नुसती त्रिज्या वेगळी नाही, दोन्हींचे मध्यबिंदूही एका जागी नाहीत. एव्हरेस्टची पृथ्वी भारताला नीट बसावी म्हणून घेतलेली, दुसरी साऱ्या जगासाठी. म्हणून जुन्या टोपोशीटवरून उतरवलेली विहीर आजच्या उपग्रहचित्रावर टाकली तर महाराष्ट्रात शंभराहून जास्त मीटर सरकते. विहीर सरकली, की शेत दुसऱ्याचं होतं.

आणि एक खास आपली अडचण. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात, कारण मागे जुनं डीबेस बसलेलं आहे. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. 'लोकसंख्या' लिहा, उरतं 'लोक'. संख्या गायब.

मग बटणं दाबून नकाशा होत असताना कोड कशाला शिकायचा? कारण बटणांचा माग सहसा राहत नाही. कोणती फाइल घेतली, कुठली पृथ्वी धरली, काय गाळलं, हे लिहिलेल्या ओळींत दिसतं आणि दुसऱ्याला तपासता येतं. 15 फेब्रुवारी 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशे आणि भौगोलिक माहिती तयार करायला आधीच्या परवानगीची अट बरीचशी काढून टाकली. त्यामुळे गावचा पाणीनकाशा गावातलंच कुणी करू शकतं. पण धरण, रस्ता, पूररेषा यांवरून वाद उभा राहिला की समोरचा विचारणार, ही रेषा कशी काढली? तेव्हा ओळी दाखवता आल्या पाहिजेत, आणि त्या कुणाच्या, हेही वर लिहिलेलं असावं.

पुढच्या वेळी येताना आपापल्या गावाचं जुनं टोपोशीट मिळालं तर आणा. हिंगणघाटपासून सुरुवात करू. एकच ठिकाण दोन्ही पृथ्व्यांवर मांडून किती सरकतं ते पायथॉनच्या पाच-सहा ओळींत इथेच काढू. कागद-पेन्सिलही असू द्या.