रोमचा बोलका दगड



इतिहासावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे सारे कारखान्याच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून राजेरजवाड्यांच्या लढायांपेक्षा, ज्यांना दरबारात तोंड उघडण्याची सोय नव्हती ती माणसे बोलली कशी, ह्या प्रश्नाकडे आमचे लक्ष अधिक जाते. ह्या प्रश्नाचे एक गमतीदार पण तिखट उत्तर रोम शहराच्या एका कोपऱ्यावर उभे आहे. काही वर्षांपूर्वी कामगार प्रतिनिधींच्या एका बैठकीच्या निमित्ताने युरोपात जाणे झाले, तेव्हा ते आम्ही मुद्दाम जाऊन पाहिले.

पियात्सा नावोना ह्या प्रसिद्ध चौकाजवळ, ब्रास्की नावाच्या वाड्याच्या कोपऱ्याला टेकून, एक मोडकी मूर्ती आहे. हात नाहीत, पाय तुटलेले, चेहरा झिजलेला. प्रथमदर्शनी आमची निराशाच झाली. पण जवळ गेलो तो कागदच कागद! कोठे पुढाऱ्यावर कविता, कोठे महागाईवर टोमणा, कोठे नुसतेच व्यंगचित्र. ह्या मूर्तीचे नाव पास्क्वीनो.

१५०१ साली ऑलिव्हिएरो काराफा नावाच्या कार्डिनलने ही मूर्ती आपल्या वाड्याच्या कोपऱ्यावर उभी केली. कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी. आणि पोप त्या काळी केवळ धर्मगुरू नव्हता, रोमचा राजाही होता. मूर्ती मुळात प्राचीन. मेलेल्या सोबत्याचे शव उचलून धरणारा मेनेलाऊस हा ग्रीक वीर तीत कोरलेला असावा, असे जाणकार मानतात. दरवर्षी २५ एप्रिलला, संत मार्कच्या सणाच्या दिवशी, तिला कपडे चढवून पुराणातल्या एखाद्या पात्राचे सोंग देत, आणि पंडित व विद्यार्थी आपली लॅटिन कवने तिच्यावर चिकटवीत. १५०९ पासून ही कवने छापलीही जाऊ लागली. इथवर सारे सभ्यतेत चालले होते. पण ज्या जागी कोणीही कागद चिकटवावा आणि चिकटवणाऱ्याला नाव विचारू नये, ती जागा फार दिवस पंडितांच्या ताब्यात राहत नाही. लवकरच कवनांच्या जोडीला पोपच्या दरबारावरचे टोमणे दिसू लागले.

पास्क्वीनो हे नाव शेजारच्या एका शिंप्याचे होते, अशी आख्यायिका आहे. त्याच्या दुकानात कारागीर सुईदोरा चालवता चालवता बड्या लोकांची उणीदुणी काढीत. शिंपी वारला आणि त्याचे काम दगडाने पुढे चालवले. आख्यायिका खरी असो वा नसो, ज्याने कारखान्यात जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा ऐकल्या आहेत त्याला ती पटल्यावाचून राहणार नाही.

पुढे असे बोलणारे दगड रोममध्ये सहा झाले. मारफोरिओ हा नदीदेवतेचा पुतळा पास्क्वीनोला प्रश्न विचारी आणि पास्क्वीनो उत्तर देई. प्रश्नही निनावी, उत्तरही निनावी. आम्हांला सर्वांत जवळचा वाटला तो फाक्कीनो, म्हणजे हमाल. सुमारे १५८० चा हा पुतळा एका पखालजीचा आहे. घरोघरी नळ नव्हते त्या काळी पाणी विकणाऱ्या ह्या कष्टकऱ्याने हातांत पिंप धरले आहे, आणि त्या पिंपातून अजून पाण्याची धार वाहते. देवादिकांच्या पंक्तीत एका हमालालाही वाचा मिळाली, ही आम्हांला लहान गोष्ट वाटत नाही.

पण श्रोतेहो, ह्या दगडाला गोरगरिबांचा निर्मळ आवाज म्हणून डोक्यावर घेण्याची घाई करू नये. १५२१ च्या डिसेंबरात पोप दहावा लिओ वारला आणि नव्या पोपची निवड सुरू झाली. तेव्हा पिएत्रो आरेतीनो नावाच्या हुशार लेखकाने पास्क्वीनोच्या तोंडून एकेका उमेदवाराची खिल्ली उडवली. वाचणाऱ्यांना वाटावे, जनता बोलते आहे. वस्तुतः आरेतीनो हा जुलिओ दे मेदिची ह्या उमेदवार कार्डिनलच्या आश्रयाचा माणूस होता. विनोदही भाड्याने मिळतो. निनावी पत्रके काढून युनियन फोडण्याचे प्रयोग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

त्या निवडणुकीत मेदिचीची वर्णी लागली नाही. सहावा एड्रियन पोप झाला. तो ह्या टवाळीने इतका संतापला की मूर्ती टायबर नदीत बुडवा म्हणाला. तेव्हा कोणी त्याला समजावले, की महाराज, बुडवाल तर तो तळाशी जाऊन बेडकांहूनही मोठ्याने ओरडेल! अशी कथा सांगतात. मूर्ती वाचली. माणसे मात्र नेहमी वाचली नाहीत. निक्कोलो फ्रांको ह्या लेखकाला १५७० साली रोममध्ये फासावर चढवले. त्याचा अपराध, चौथा पॉल हा पोप आणि त्याचे घराणे ह्यांच्याविरुद्ध लिहिणे. हा पोप काराफा घराण्यातला; मूर्ती उभी करणाऱ्या कार्डिनलच्याच कुळातला. दगड उभा करणे ह्या घराण्याला जमले, दगडाचे बोलणे मात्र सोसले नाही.

तरी बोलणे थांबले नाही. १६२५ साली बार्बेरीनी घराण्यातल्या आठव्या उर्बन पोपने पँथिऑन ह्या प्राचीन मंदिराच्या मंडपातले कांस्याच्या तुळयांचे काम तोफांसाठी वितळवले. तेव्हा 'बार्बारी', म्हणजे रानटी टोळ्या, आणि 'बार्बेरीनी' ह्या दोन शब्दांवर केलेली कोटी आजही रोममध्ये पाठ आहे. १८७० साली पोपचे राज्य संपले, वर्तमानपत्रे मोकळी झाली आणि पास्क्वीनो बराचसा गप्प झाला. पण १९३८ साली, मुसोलिनीच्या हुकूमशाहीत, हिटलरच्या स्वागतासाठी शहराला वरवरची सजावट केली, तेव्हा तिची टर उडवायला तो पुन्हा जागा झाला. ह्यावरून आम्ही एवढेच समजतो, की जेथे सही करून बोलता येते तेथे दगडाला विश्रांती मिळते.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी वाटाघाटी उशिरापर्यंत चालल्या, बाहेर धो धो पाऊस, म्हणून आम्ही मॅनेजरच्या गाडीतून कचेरीपर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी युनियनच्या फलकावर चिठ्ठी: 'पुढारी आला गाडीतून, मागणी येतेय पायी.' खाते खदखदा हसत होते. आम्ही ती चिठ्ठी टराटर फाडली, आणि लाज वाटते सांगायला, दोन दिवस वर्गणीच्या वहीतल्या सह्यांशी अक्षर ताडून पाहत बसलो. शेवटी एक वृद्ध फिटर म्हणाला, "भाऊ, कागद फाडलात ते ठीक. पण गाडीत काय बोलणं झालं, ते कधी सांगणार?"

गाडीत काहीच शिजले नव्हते. पण ते सांगायला आम्ही गेटवर उभे राहिलो नव्हतो, हे खरे होते. तिसऱ्या दिवशी गेट मीटिंग घेतली, वाटाघाटीतला शब्द न् शब्द सांगितला आणि पुढे प्रत्येक बैठकीनंतर तसे करण्याचा पायंडा पाडला. चिठ्ठी कोणी लिहिली ते आम्हांला आजतागायत कळलेले नाही, आणि आता कळून घ्यायचेही नाही.

रोमच्या त्या कोपऱ्यावर हे सारे आठवले. लोकांनी पोपला हसावे हे आम्हांला सहज आवडते. लोकांनी आपल्याला हसावे हे एड्रियनइतकेच आम्हांलाही झोंबले होते. संस्था लहान असो वा मोठी, पंचायत असो, पतपेढी असो वा युनियन, फलकावर टोमणा दिसला की 'कोणी लिहिले' हा प्रश्न आधी सुचतो. 'खरे आहे काय' हा आधी विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते. आणि लिहिणारांनाही एक सांगणे आहे: चिठ्ठीने साहेबाची झोप उडते, पण पगारवाढीच्या करारावर निनावी सही चालत नाही. हसून झाले की कोणीतरी नावानिशी उभे राहावेच लागते.

२०१० च्या सुमारास मूर्तीची साफसफाई झाली. त्यानंतर दगड खराब होऊ नये म्हणून कागदांसाठी शेजारी फलक ठेवला आहे. आम्ही वहीतले एक पान फाडले, त्यावर ती गाडीची जुनी ओळ मराठीत लिहिली आणि फलकावर लावली. खाली सही केली नाही. ती ओळ आमची नव्हती.