तीन बोल्टांची गोष्ट

१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून सुटा झाला, तेव्हाही झाला नसेल एवढा आवाज परवा माझ्या मोटारसायकलीच्या पोटातून आला. बटण दाबलं, तर आतून खडर्रर्र! इंजिन ढिम्म. गाडी वीस वर्षांची. कंपनीचं नाव सांगत नाही. वीस वर्षांच्या संसारात कुणीही खडखडतं, हे आमच्या घरी दोन्ही पक्षांना मान्य आहे.

‘मग किक मारा की!’ असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या उजव्या गुडघ्याने माझ्याआधीच सेवानिवृत्ती घेतली आहे. डॉक्टरांनी किक बंद केली, तेव्हापासून मी सेल्फच्या भरवशावर मंगरूळपीरची शाखा गाठतो. मी वेळेवर पोचलो नाही, तर कॅशची खिडकी उघडत नाही. त्या दिवशी कॉलेजच्या दोन पोरांनी गाडी ढकलून दिली. ‘काका, तुम्ही बसूनच राहा,’ म्हणाले. गुडघ्यापेक्षा ते ‘काका’ जास्त दुखलं.

संध्याकाळी मिस्त्रीने गाडीला कान लावला. “घाबरू नका साहेब, इंजिन शाबूत आहे. वन-वेचे बोल्ट ढिल्ले झाले.” आणि त्याने डावीकडचं झाकण उघडलं.

हा वन-वे म्हणजे सेल्फचा क्लच. सेल्फची मोटर फिरली की त्यातले छोटे रोलर अडकून बसतात आणि इंजिनाला फिरवतात. इंजिन स्वतः पळू लागलं, की रोलर आपोआप मागे सरतात आणि पकड सुटते. आमच्या कर्जखात्याचंही तंत्र हेच! सुरुवातीची ताकद बँकेची. कर्जदार पळायला लागला, की पकड सुटली.

बँकेचं नाव निघालंच आहे, तर सांगतो: या सेल्फचा उगम गल्ल्यातला आहे. पूर्वी मोटारगाडी पुढून हँडल फिरवून सुरू करीत. इंजिनाने उलटा झटका दिला, की हँडल फिरवणाऱ्याचं मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनियर होता. त्याने आधी डेटन गावच्या कंपनीत दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती. गल्ला उघडायला दिवसभर ताकद लागत नाही. क्षणभराचा जोर पुरतो, म्हणून छोटी मोटर चालते. हाच हिशेब त्याने मोटारीला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅकला सेल्फ लागला. तो मोडक्या मनगटांवर उपाय होता, तसाच बायकांना एकटीने गाडी काढण्याचा परवानाही होता.

मोटारसायकलीला १९१४ साली ‘इंडियन’ कंपनीने सेल्फ लावून पाहिला. नाव इंडियन, पण कंपनी अमेरिकन. बॅटऱ्यांनी दगा दिला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. मग पुढे कित्येक वर्षं जगाने लाथाच मारल्या.

आमच्या लहानपणी वडील रोज सकाळी स्कूटर आडवी करीत, उभी करीत, मग किका मारीत. आईने कधी तिच्या हँडलला हात लावला नाही. १९८४ साली फिरोदियांची कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नाही, वर बटण. काही वर्षांनी आमच्या शाळेतल्या एक बाई साडी सावरीत तीवरून आल्या, तेव्हा हेडमास्तर फाटकापाशी आपल्या स्कूटरला किका मारीत होते. आम्ही पोरं हसलो. सेल्फ म्हणजे आळशी लोकांचे लाड, अशी माझी तेव्हापासून समजूत. ज्यांच्या पायात जोर नाही, त्यांनाही रस्ता मोकळा करणारी ही वस्तू आहे, हे कळायला माझाच गुडघा जावा लागला.

तेवढ्यात मिस्त्रीने पुलर लावून मॅग्नेट काढलं. पाठीमागे तीन बोल्ट. दोन नुसत्या बोटाने फिरत होते!

“बॅटरी कमजोर असताना बटण दाबत राहता ना? इंजिन उलटा झटका मारते, तो बसते इथं. अजून चार दिवस चालवली असती, तर बोल्ट तुटून आतल्या दातांत गेला असता.”

“मग घट्ट आवळून टाक!”

“नुसतं आवळून नाही भागत.” त्याने बोल्ट आणि भोकं पेट्रोलने धुऊन तेलाचा अंश काढला, आटे वाळू दिले, आट्यांवर ते चिकटून राहावेत म्हणून थ्रेड लॉकचा थेंब सोडला आणि टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापात, तिन्ही बोल्ट आळीपाळीने बसवले. जास्त जोर लावला तर आटे जातात, हेही सांगितलं. वसुली अधिकाऱ्यांनी ऐकण्यासारखं होतं. थेंब सुकायला गाडी रात्रभर तिथेच राहिली; नवी बॅटरीही घ्यावी लागली.

सकाळी बटण दाबलं. गाडी अशी चालू झाली, की मीच दचकलो. पैसे देताना सहज विचारलं, “गुडघ्याचंही काही जमेल का रे?”

त्याने माझ्या पायाकडे गंभीरपणे पाहिलं. “नाही साहेब. त्याचे आटे गेले.”